पिकअपचं स्टेअरिंग हवेत गेल्यासारखं होतंय, घाटात गाडी वळलीच नाही, सरळ गेली!

केजकर_पिकअप:
नमस्कार मंडळी, लई दिवसांनी लिहायलो. चार महिन्याखाली सेकंडहँड पिकअप घेतली, घरचं सोयाबीन नि गावातल्या दोघा-तिघांचं भाडं असं चालू आहे. आता काय झालं ते सांगतो, नीट वाचा मग बोला.

सोमवारी २२ कट्टे भरून बीडच्या मोंढ्यात गेलो, एक कट्टा ६० किलोच्या आसपास, गाडी एकदम मस्त चालली. गुरुवारी परत २२ च कट्टे, पण ताईचा सोफा नि एक लाकडी कपाट बीडला पोचवायचं होतं, ते शेवटी उतरवायचं म्हणून आधी चढवलं, केबिनला लागून, आणि कट्टे त्याच्या मागं. जागा पुरंना म्हणून फाळका उघडून साखळ्यांवर ठेवला नि शेवटचे आठ कट्टे फाळक्यावर नि त्याच्या तोंडाशी आले. हमाल म्हणला काय होत नाही मालक, दोर टाकतो, जा बिनधास्त.

नेकनूरपस्तोरच डोक्यात आलं की कायतर गडबड आहे. स्टेअरिंग इतकं हलकं की एका बोटानं फिरावं, पण फिरवलं तरी गाडी दोन सेकंदानं ऐकायली. ६० च्या वर नेली की शेपूट हलवल्यासारखी मागून डुलायची. समोरून येणारा प्रत्येक जण डिप्पर मारायला, मी म्हणलं माझी लाईट तर डीमवरच आहे, ह्यांना काय झालं. आणि मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना एका वळणावर ब्रेक मारला तर पुढची चाकं घासत गाडी नाकासमोर कठड्याकडं निघाली, स्टेअरिंग पूर्ण कापलेलं असताना! ब्रेक सोडला तवा वळली. कठडा हातभर राहिला असंल. ब्रेकचा जळका वास तर बीड येईपस्तोर होता.

टायर चांगले आहेत, अलाइनमेंट मागच्याच महिन्यात केलंय. वजन तेवढंच, गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर बी मीच. मग सोमवारी नि गुरुवारी एवढा फरक कशामुळं? सोफ्याचं वजन काय शंभर किलो बी नसंल.

उगाच_बोलतो:
सोफ्यावर बसून गाडी चालवली असती तर वजन पुढं आलं असतं 😂

मेकॅनिकल_थर्ड_इयर (छ. संभाजीनगर):
दादा आधी देवाचे आभार माना. वजन तेवढंच होतं पण ते *कुठं* होतं हे बदललं, सगळी गंमत तिथंच आहे.

साधा तरफेचा हिशोब आहे. मागचा एक्सल म्हणजे टेकू समजा. एक्सलच्या पुढं ठेवलेलं वजन पुढच्या नि मागच्या चाकात वाटलं जातं. एक्सलच्या मागं ठेवलेलं वजन मात्र मागच्या चाकावर तर पडतंच, वर ते पुढचं तोंड *उचलतं*. तुमचे आठ कट्टे म्हणजे ४८० किलो, समजा ते सरासरी एक्सलच्या १.२ मीटर मागं होते आणि पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर ३ मीटर धरलं तर ४८० × १.२ ÷ ३ = १९२ किलो. म्हणजे पुढच्या चाकांवरून १९२ किलो कमी झाले आणि मागच्या एक्सलवर ४८० च्या जागी ६७२ पडले. रिकाम्या पिकअपच्या पुढच्या चाकांवर हजारभर किलो असतात असं धरलं तर पाचवा हिस्सा गायब! सोमवारी हेच आठ कट्टे केबिनच्या बाजूला होते तवा उलट पुढच्या चाकांवर थोडं वजन *वाढलं* होतं.

टायर रस्त्याला किती धरतो ते त्याच्यावर वजन किती दाबलंय त्याच्यावर असतं. पुढचं हलकं झालं म्हणून स्टेअरिंग हलकं नि वळायला आळशी. आणि डिप्पर का मारायले ते बी कळलं असंल, गाडीचं तोंड वर म्हणजे लाईट समोरच्याच्या डोळ्यात. तुमच्या डीमचा त्यांना अप्पर दिसायला.

ते शेपूट हलायचं कारण थोडं वेगळं. कावड घेऊन वळून बघा कधी. दोन्ही घागरी दांडीच्या टोकाला असल्या की आधी वळायलाच जोर लागतो, आणि एकदा फिरल्या की थांबवायला बी तेवढाच जोर. त्याच घागरी खांद्याजवळ सरकवल्या तर वजन तेच पण लगेच वळता येतं. तुमची कावड एका टोकालाच भरलेली होती.

खरंतर आदर्श गाडीत पुढं-मागं ५०-५० वजन असतं, बीएमडब्ल्यूवाले त्याचीच तर जाहिरात करतात.

मिस्त्री_जालना:
थर्ड इयर, बाकी हिशोब बरोबर हाय तुझा, पण ५०-५० चं पिकअपवाल्याला नको सांगू बाबा. ती मालाची गाडी हाय, भरल्यावर मागच्या चाकावर जास्त येणारच, त्यासाठीच मागं पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) नि ब्रेकचे मोठे ड्रम दिलेले असतात. पुढं किती, मागं किती झेपतं ते कंपनी कागदावर देते, ते बघायचं. पोर्शेच्या ९११ चं इंजिन तर मागच्या एक्सलच्या बी मागं असतंय नि साठ वर्षं झाली ती पळायलीच की. डिझाईन तसं असलं की चालतं, फाळक्यावर कट्टे ठेवून ते डिझाईन होत नसतं.

केजकर भाऊ, मला एक सांगा. गाडी सेकंडहँड म्हणलात, तर मागच्या मालकानं मागचे पाटे वाढवलेत का? मोजून सांगा. आणि ब्रेकचा वास पुढून येत होता का मागून?

केजकर_पिकअप:
मिस्त्री तुम्ही काय ज्योतिषी आहात का? आत्ता बॅटरी घेऊन खाली घुसून बघितलं, दोन्ही बाजूला दोन-दोन पाटे नवे दिसायलेत, रंग वेगळा आहे. घेताना त्यानं तेच सांगून दोन पैसे जास्त घेतले होते की "पाटे वाढवलेत, कितीबी भरा, बसणार नाही". वास पुढच्या चाकाचा. डाव्या पुढच्या डिस्कला निळसर झाक बी आलीय.

मिस्त्री_जालना:
झालं. मग अर्धं दुखणं तिथं हाय. जरा सविस्तर सांगतो कारण हे रोज बघतो मी, आणि ह्याच्यावर कुणी बोलत नाही.

मालाच्या गाडीला मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही म्हणतात. चासीला बसवलेला असतो आणि त्याची एक काडी नाहीतर स्प्रिंग खाली एक्सलला अडकवलेली असती. माल भरला की चासी खाली बसती, ती काडी फिरती, व्हॉल्व्हला कळतं की आता मागं वजन आलंय, मग तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की मागं प्रेशर कमी सोडतो, नाहीतर रिकामी शेपूट ब्रेक मारल्याबरोबर फिरून पुढं येईल.

आता तुम्ही पाटे वाढवले. दीड टन भरला तरी गाडी बसंना. लोक खुश, "बघा कशी ताठ उभी हाय". पण व्हॉल्व्हला डोळे नाहीत ना, त्याला वाटतं गाडी रिकामीच हाय. मागं ब्रेक कमी सोडतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. आणि तुमच्या केसमध्ये पुढची चाकं तर हलकी झालेली! म्हणजे ज्या चाकाला वजन नाही त्याच चाकाला ब्रेक जास्त, आणि जिथं दोन टन बसलेत तिथं ब्रेक अर्धाच. पुढची चाकं जाम होणार नाही तर काय. आणि जाम झालेलं चाक कितीबी वळवा, गाडी सरळच जाती, फिरणारं चाकच वळवू शकतं. तुम्ही ब्रेक सोडला नि वाचलात.

पाटे वाढवल्यानं गाडीची ताकद वाढत नसती, ती फक्त बसायची थांबती. एक्सल तेच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच. बसणं हीच तर ती गाडी तुम्हाला सांगत असती की बस कर.

नवे पाटे काढा, आणि नंतर व्हॉल्व्हची काडी चांगल्या माणसाकडून सेट करून घ्या. कधीकधी काडी तुटलेली किंवा तारेनं बांधून ठेवलेली बी सापडती, ते बघा. पुढच्या डिस्क-पॅड बदला, ब्रेक ऑईल बी बदला, उकळून गेलेलं असंल.

परभणीचे_काका:
पोरांनो तुमचं एलएसपीव्ही का काय ते मला नवीन आहे पण बाकी सगळं आमच्या वडिलांना माहीत होतं, आणि ते शाळेत दुसरीच शिकलेले.

बैलगाडी भरताना, कडबा असो का पोती, भरत आलं की वडील पुढं येऊन जू एका हातानं उचलून बघायचे. थोडा जोर लावून उचललं गेलं की म्हणायचे झाली गाडी. आपसूकच वर गेलं की शिवी हासडायचे, "उलाळ झाली, मागची चार पोती पुढं घ्या". गाडी उलाळ झाली की जू वर उचलतं नि बैलाच्या गळ्याला जुपणीचा फास बसतो. आणि पुढं फार झालं की सगळा भार मानेवर, बैलाची मान सुजती. चाकाच्या आसाच्या किंचित पुढं वजन, एवढंच सूत्र. चढ आला की मागं तोल जातो म्हणून गाडीवान पुढं सरकून जुवाजवळ बसायचा, उताराला मागं सरकायचा. ही सगळी अक्कल अंगवळणी होती.

केजकर तुमची गाडी उलाळ झाली होती, दुसरं काही नाही. बैल असते तर गावातच थांबले असते, इंजिनाला गळा नाही म्हणून ते बिचारं मांजरसुंब्यापर्यंत गेलं.

ट्रॅक्टरचं बी तेच. ऊसवाल्या ट्रॅक्टरचं तोंड चढाला उचललेलं कुणी पाहिलं नाही? ट्रॉलीची ओढ खालच्या हुकावरच पाहिजे. पिन जेवढी वर लावाल तेवढं तोंड उचलणार. पुढच्या चाकावर एकूण वजनाच्या निदान २० टक्के तरी राहिलं पाहिजे नाहीतर स्टेअरिंग फक्त शोभेला. म्हणून पुढं बंपरला ते लोखंडी वजनाचे ठोकळे लावतात, आमच्याकडं लोक ते भंगारात विकतात नि मग ऊसाच्या दिवसात एकमेकाची पोरं बंपरवर बसवतात. हे लई वाईट, कुणी करू नका.

नांदेड_सीएनजी:
मधेच विचारतो माफ करा. माझ्या कारला डिक्कीत सीएनजी बसवलाय, तेव्हापासून मागून बसल्यासारखी वाटते आणि घाट चढताना दम लागतो. हे पण उलाळच का? सिलेंडर काढून टाकू का?

मेकॅनिकल_थर्ड_इयर (छ. संभाजीनगर):
काढू नका दादा, एवढं काही नाही. सिलेंडर नि स्टँड मिळून ६०-७० किलो धरा, म्हणजे मागं कायमचा एक माणूस बसलाय असं समजा. तो एक्सलपासून अर्धा मीटर मागं असला नि गाडीच्या चाकांतलं अंतर २.४ मीटर असलं तर पुढचं वजन १३-१४ किलोच कमी होतं. फरक पडतो तो मागं तिघं बसले, उरलेल्या फटीत बॅगा कोंबल्या, वर कॅरिअर टाकून गाद्या बांधल्या तवा. तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असंल, तर ओल्या चढावर पुढचं चाक जागेवर फिरायला लागतं, कारण चढाला वजन आधीच मागं सरकतं. मागच्या टायरमध्ये फुल लोडची हवा ठेवा, दरवाज्याच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेली असते. डॅशबोर्डला लाईट खाली-वर करायचं ० ते ३ चं बटन असंल तर मागं माणसं बसली की ते फिरवा, आपल्याकडं ते कुणी हात लावूनसुद्धा बघत नाही.

दम लागतो ते वजनापेक्षा गॅसमुळं, गॅसवर ताकद मुळातच थोडी कमी मिळते.

उगाच_बोलतो:
एक खरा प्रश्न. वजन जास्त म्हणजे टायर रस्त्याला जास्त चिकटणार ना? मग भरलेली गाडी उलट लवकर थांबायला पाहिजे. आमच्या शेतात पावसात रिकामी पिकअप काळ्या मातीत जागेवर चाक फिरवत बसते, मागं रेतीची चार पोती टाकली की निघते.

मेकॅनिकल_थर्ड_इयर (छ. संभाजीनगर):
पहिल्यांदा कामाचं बोललास. रेतीचं बरोबर आहे, ओढणारं चाक मागं, रिकाम्या गाडीत मागं वजन नाही, म्हणून पोती टाकली की पकड येते. पण दोन गोष्टी. वजन दुप्पट केलं की पकड दुप्पट *होत नाही*, थोडी कमीच वाढते, टायरच्या रबराचा स्वभावच तसा आहे. आणि थांबवायची ताकद मात्र पूर्ण दुप्पट लागते. शिवाय ते सगळं ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातं, आणि डिस्क काय वजन बघून मोठी होत नाही.

घाटाचा हिशोब ऐक. ३ टनाची गाडी ६० च्या स्पीडवरून थांबवली तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता जाते ती एक माप धर. तीच गाडी १०० मीटर उंचीचा उतार एकाच स्पीडनं फक्त ब्रेकवर उतरवली तर *सात* मापं जातात. म्हणजे ६० वरून सात वेळा कडक ब्रेक मारून थांबल्यासारखं, तेही मधे गार व्हायला वेळ न देता. म्हणून चढाला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला धरू द्या.

अजून एक म्हणजे थराची उंची. ब्रेक मारला की वजन पुढं सरकतं. ३,००० किलोची गाडी, जरा कडक ब्रेक, वजनाचा मध्य जमिनीपासून ०.९ मीटरवर असला तर साधारण ४५० किलो मागून पुढं जातात. थरावर थर लावून तोच मध्य १.२ वर नेला तर ६००. वळणावर हेच आडवं होतं, आतली चाकं हलकी नि बाहेरची जड, म्हणून कापसाची उंच गाडी कट्ट्याच्या गाडीपेक्षा वजनाला कमी असूनही लवकर पलटते.

मिस्त्री_जालना:
कापसाचं शंभर टक्के. आणि डाव्या-उजव्याचं बी कुणी बघत नाही. जुनी चेतक आठवा, इंजिन उजव्या बाजूला, हात सोडले की गाडी उजवीकडं. आमचा बाप तिच्यावर मुद्दाम डावीकडं सरकून बसायचा.

केजकर भाऊ, दंडाचं बी लक्षात ठेवा. २०१९ पासून ओव्हरलोडला २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. बावीस कट्ट्यात तुम्ही बसत असाल, कागद बघा, पण "पाटे वाढवलेत" म्हणून तीस भरायच्या फंदात पडू नका.

केजकर_पिकअप:
सगळ्यांचे आभार, खरंच. सांगायला आलो.

काल पाटे काढले, व्हॉल्व्ह बघितला तर मिस्त्री म्हणले तसंच, काडी जुन्या क्लच वायरनं बांधून ठेवलेली!! हे कुणी नि कशाला केलं देव जाणे. नवीन काडी, पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, ब्रेक ऑईल, सगळं मिळून, मागच्या मालकानं पाट्याचे जेवढे जास्तीचे पैसे घेतले होते त्याच्या दुप्पट गेले.

आज सकाळी २२ कट्टे भरले. हमाल परत मागून सुरुवात करायला, मी म्हणलं थांब, आधी केबिनच्या भिंतीला लाव, एकावर एक तीनच थर, आणि फाळका बंद. काकांचं आठवून पुढचं बंपर उचलून बघितलं, ते काय उचलत नसतंय माहीत आहे, पण बघितलं. हमाल हसायला.

गाडी दोन-तीन बोटं खाली बसली, आधी हे बघून जीव घाबरला असता. स्टेअरिंगला वजन आलंय, ६५ ला सुद्धा सरळ. घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. खाली थांबून चाकाजवळ हात नेला तर कोमट. येताना रात्र झाली, एकानंही डिप्पर मारला नाही.

परभणीचे_काका:
बरं केलंस बाळा. बीडला भाव काय निघाला?

केजकर_पिकअप:
काका ते नका विचारू, सगळ्यात जास्त ब्रेक तिथंच लागला.

उगाच_बोलतो:
आणि ताईचा सोफा पोचला का?

केजकर_पिकअप:
पोचला, पण दाजी म्हणायलेत रंग आवडला नाही, परत घेऊन जा. ह्या वेळेस मागं ठेवणार.